आंब्याची वेबसाइट गुगलवर आणताना : माझा अनुभव

सासरी देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे आणि मी पुण्यात बसून त्या बागेची वेबसाइट सांभाळते, म्हणजे ऑर्डरी, फोटो, फोन, कुरियरवाल्याशी भांडण, सगळंच. ज्यांची अशीच छोटी साइट आहे, मसाल्याची असो नाहीतर होमस्टेची, आणि ती गुगलवर दिसतच नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी काही एसईओ, म्हणजे साइट गुगलवर वर आणण्याच्या कामातली एक्सपर्ट नाही, कॉमर्स शिकलेली बाई आहे, पण हे सगळं स्वतः निस्तरलंय त्यामुळे कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही एवढं नक्की सांगू शकते.

साइट एका ओळखीतल्या वेब डिझायनरकडून करून घेतली होती. दिसायला झकास. बिलात 'एसईओ फ्रेंडली' अशी वेगळी ओळ आणि तिचे वेगळे पैसे. सीझन आला, ऑर्डरी आल्या, पण सगळ्या व्हॉट्सॲपवरून, जुन्या गिऱ्हाइकांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. वेबसाइटवरून शून्य. डिझायनरला विचारलं तर म्हणाला, गुगलला वेळ लागतो मॅडम. वेळ लागतो हे खरंच आहे, नवीन साइटला काही आठवडे ते काही महिने सहज जातात, पण आमचं दुखणं वेगळं होतं.

ते कसं कळलं तर एक साधी युक्ती आहे. गुगलच्या सर्च बॉक्समध्ये रोमन अक्षरांत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून आपलं डोमेन टाकायचं. गुगलकडे तुमची जी पानं आहेत ती साधारण दिसतात. आमचं एकही नाही! मग शोधत शोधत वर्डप्रेसच्या, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर आमची साइट बनवलीय त्याच्या, सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे तिथे पोचले, तिथे तळाशी एक चौकट असते, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नये, अशा अर्थाची, आणि तिच्यावर टिक. साइट बनत असताना अर्धवट पानं गुगलवर जाऊ नयेत म्हणून ती टिक करतात आणि साइट लाइव्ह झाली की काढायची असते. ती काढायची राहिली आणि प्रत्येक पानावर नोइंडेक्सचा टॅग लागून बसला. आख्खा सीझन गेला तो त्या एका टिकमुळे. तुमची साइट दुसऱ्या कोणी बनवली असेल तर बाकी काही करायच्या आधी हे बघा.

पुढची पायरी गुगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल. फुकट आहे, आणि माझ्या मते छोट्या साइटला दुसरं कुठलंही विकतचं टूल लागत नाही. फक्त साइट आपलीच आहे हे गुगलला दाखवावं लागतं, त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या खात्यातल्या सेटिंग्जमध्ये, गुगलने दिलेली एक ओळ (टेक्स्ट रेकॉर्ड) टाकायची असते. इथे खरी कटकट सुरू झाली कारण डोमेनचं लॉगिनच आमच्याकडे नव्हतं. डोमेन डिझायनरने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतलेलं. म्हणजे बाग आमची, आंबे आमचे आणि पाटी त्याच्या नावावर. फोन केला की 'करतो ना वहिनी', आणि मग गप्प. हे एक बरं होतं की वर्डप्रेसचं लॉगिन माझ्याकडे होतं, त्यामुळे होमपेजवर एक मेटा टॅग, म्हणजे वाचकाला न दिसणारी कोडची ओळ, टाकून व्हेरिफिकेशन करता आलं, तोही रस्ता असतो. पण डोमेन सोडून चालणार नव्हतं, उद्या त्याने रिन्यू केलं नाही तर सगळंच गेलं. शेवटी नवऱ्याने त्याच्याकडे जाऊन, समोर चहा पीत बसून, डोमेन जिथून घेतलं होतं त्याच कंपनीत आमचं खातं काढलं आणि डोमेन त्याच्या खात्यातून आमच्या खात्यात वळतं करून घेतलं. भांडण केलं नाही, पुढच्या वर्षाचे रिन्युअलचे पैसे पण देऊन टाकले. साइट करायला देताना पहिली अट हीच घाला की डोमेन आणि होस्टिंग आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, पासवर्ड आपल्याकडे.

मग सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांची यादी, सबमिट केला. लगेच काही झालं नाही. नंतर पानं यायला लागली पण निम्मी 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' मध्ये अडकलेली, म्हणजे गुगलला पान आहे हे माहितीये पण ते वाचायला तो अजून आलेलाच नाही. मी आधी रोज एकेका पानाचा युआरएल, म्हणजे पत्ता, सर्च कन्सोलच्या युआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून इंडेक्सिंगची विनंती करत बसायचे, त्याला रोजची मर्यादा असते आणि त्याने फार फरक पडत नाही. नीट बघितलं तर पानंच फालतू होती. डिझायनरने प्रत्येक शहरासाठी एक पान केलेलं, पुण्यात हापूस, ठाण्यात हापूस, नाशकात हापूस, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. आणि दर सीझनला नवीन पान, युआरएलमध्ये वर्ष टाकून. गावांची पानं सरळ काढून टाकली आणि डिलिव्हरी कुठे कुठे, किती दिवसांत, याचं एकच पान केलं. वर्षांच्या पानांचं मात्र सांगायलाच पाहिजे कारण सीझनल धंदा असलेले सगळे हेच करतात. दर वर्षी नवीन पत्ता केला की गुगलसाठी ते दर वर्षी नवीन बाळ, आधीच्या पानाला कोणी लिंक दिली असेल, त्याची थोडी पत झाली असेल ती तिथेच राहते. म्हणून वर्ष नसलेला एकच पत्ता ठेवला, जुनी पानं तीनशे एक रिडायरेक्टने (जुना पत्ता उघडला की आपोआप कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) त्याच्याकडे वळवली आणि वर्ष फक्त मथळ्यात लिहिते. जूनमध्ये आंबा संपला की पान डिलीट करत नाही, 'या वर्षीचा आंबा संपला, पुढच्या सीझनसाठी नाव नोंदवा' असं लिहून फॉर्म लावते.

आता ज्यात मला खरंच मजा आली ते. सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स रिपोर्ट असतो, लोकांनी काय टाइप केलं आणि तुमचं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं. सोळा महिन्यांचा डेटा मिळतो, म्हणजे मागच्या सीझनशी तुलना करता येते. मला वाटत होतं लोक 'अस्सल देवगड हापूस' असं काहीतरी शोधत असतील, होमपेजवर तेच ठासून भरलेलं होतं. लोक काय विचारत होते? पेटीत किती डझन. एका डझनाचं वजन किती. आंबा पिकायला किती दिवस. फ्रिजमध्ये ठेवू का. निम्मे जण रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे, काही देवनागरीत, काही अल्फान्सो म्हणणारे. आणि एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येत होता : आंबा बाहेरून चांगला पण आतून पांढरा का?

हा साका. गिऱ्हाइकाला वाटतं खराब माल दिला, नाहीतर कार्बाइडने पिकवला. मी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन लावला आणि म्हटलं अण्णा तुम्ही बोला मी लिहून घेते. ते आधी हसले, 'गो बाय, त्या गुगलाक आंबो कसो कळतलो?' पण मग तासभर बोलले. साका म्हणजे गराचा एक भाग पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट राहतो, बाहेरून काही कळत नाही, कापल्यावरच कळतं. झाडावर फळ जास्त वेळ राहिलं, उन्हाने जमीन तापून खालून वाफ लागली की प्रमाण वाढतं. म्हणून आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा, सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण तयार होण्याची, वाट बघायची नाही, काढणी सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेली असते तो), देठ ठेवून, आणि झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं. हापूसलाच हा त्रास जास्त, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला त्यात साका येत नाही. मी त्याच दिवशी पुण्यातल्या घरात एक साका असलेला आणि एक चांगला आंबा कापून शेजारी शेजारी ठेवला, खिडकीच्या उजेडात फोटो काढला, अण्णांनी सांगितलं तसंच लिहिलं आणि शेवटी आमच्याकडून आलेल्या फळात साका निघाला तर फोटो पाठवा, बदलून देऊ, एवढी एक ओळ. एकही कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, मोजून टाकला नाही. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान आज तेच आहे. कीवर्ड्सचा मेटा टॅग तर गुगल बघतच नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगून टाकलंय, तरी अजून लोक त्याचे पैसे घेतात.

मथळे बदलले. आधी सगळ्या पानांचा टायटल टॅग, म्हणजे गुगलच्या निकालात दिसतो तो मथळा, एकच, 'होम' आणि बागेचं नाव. आता प्रत्येक पानाला त्या पानात जे आहे ते. युआरएल मी आधी देवनागरीत ठेवले होते, गुगलला ते चालतात, पण व्हॉट्सॲपवर लिंक कॉपी केली की टक्क्यांच्या चिन्हांची अर्धा स्क्रीन रांगोळी येते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते, म्हणून रोमन अक्षरांत छोटे केले. हा निर्णय गुगलसाठी नाही, मावशी-काकांसाठी.

स्पीडचं थोडक्यात सांगते. फोनमधून काढलेले पाच-सहा एमबीचे फोटो तसेच चढवलेले होते आणि वर एक सरकता स्लायडर. स्लायडर काढला, फोटो लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाकले. पेजस्पीड इन्साइट्स नावाच्या टूलमध्ये मोबाइलचा रिपोर्ट बघायचा, मुख्य फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. आणि सगळ्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचक तिथवर खाली आला की मगच फोटो उघडणं) लावतात तसं वरच्या पहिल्या फोटोला लावू नका, त्याने उलट उशीर होतो. शंभरपैकी शंभर मार्कांच्या मागे लागायची गरज नाही, मी लागले नाही.

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल मॅपवर आणि सर्चमध्ये दिसणारी धंद्याची नोंद, तिचं व्हेरिफिकेशन व्हिडिओने झालं. दिराने बागेच्या फाटकापासून चालत, पाटी, पॅकिंगची शेड, आढीतले आंबे असं एका दमात शूट केलं, रेंज नव्हती म्हणून अपलोड मात्र सड्यावर चढून. मग रिव्ह्यू. पेटी पोचल्यावर मी लिंक पाठवते आणि विनंती करते, बस. एका नातेवाइकाने सुचवलं की रिव्ह्यू विकत मिळतात, दुसऱ्याने म्हटलं पाच स्टार देणाऱ्याला अर्धा डझन फुकट दे. दोन्ही गुगलच्या नियमांत बसत नाही आणि खरं सांगायचं तर सगळे पाच स्टार बघून मलाच संशय येतो. आमच्याकडे एक तीन स्टारचा आहे, डिलिव्हरी उशिरा झाली म्हणून, त्याला मी खाली नीट उत्तर दिलंय आणि ते वाचून फोन करणारे भेटलेत.

साइट जरा दिसायला लागली की फोन सुरू होतात. पहिल्या पानावर गॅरंटी, पहिल्या नंबरची गॅरंटी, महिन्याला एवढ्या बॅकलिंक्स, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक्स. गुगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, ज्याने दिली त्याचा फोन तिथेच ठेवा. विकतच्या लिंक्स स्पॅममध्ये धरतात, २०१२ मध्ये गुगलने अशा लिंक्स पकडायला आणलेल्या पेंग्विन अपडेटपासून कितीतरी साइट्स त्यातच आपटल्या. आम्हाला खऱ्या लिंक्स मिळाल्या त्या दोन-तीनच, गावातल्या होमस्टेवाल्याने आपल्या साइटवर बाग बघायला जा म्हणून दिली, एका ओळखीच्या शेतीविषयक पोर्टलने साक्याचं पान जोडलं. त्या मागाव्या लागल्या नाहीत, होमस्टेवाल्याला फक्त एक पेटी गेली, ती दरवर्षीच जाते.

आता गुगल वरतीच एआयचं उत्तर देतो, त्यामुळे साक्याच्या पानाला इम्प्रेशन्स, म्हणजे निकालात दिसण्याच्या वेळा, वाढलेत आणि क्लिक्स कमी झालेत. ज्याला फक्त उत्तर हवं होतं तो तिथेच वाचून जातो. पण पेटीची किंमत आणि डिलिव्हरीची तारीख बघायला माणूस आत येतोच, त्या पानावर मी आता जास्त वेळ देते. ऑर्डर फॉर्ममध्ये 'आमच्याबद्दल कुठे कळलं' असा एक रकाना टाकलाय, त्यात हल्ली 'गुगल' लिहिलेलं दिसतं, अर्थात जुनी गिऱ्हाइकं अजूनही व्हॉट्सॲपवरच असतात आणि ती तशीच राहणार.

दरवर्षीचं काम मी डिसेंबरमध्येच उरकते. मार्चमध्ये पान सुधारायला घेतलं तर गुगलने ते वाचून वर आणेपर्यंत अक्षय्य तृतीया निघून जाते. अण्णा मोहोर बघून अंदाज सांगतात, त्यावरून बुकिंग कधी उघडायचं ते ठरतं आणि किंमत मात्र पहिली काढणी झाल्याशिवाय मी साइटवर टाकत नाही, तोवर तिथे फोन नंबर असतो.