बांबूचा लगदा: चुना, धुण्याचा सोडा की कॉस्टिक?

हातकागदासाठी बांबू तीन पद्धतींनी शिजवून पाहिला. या फेरीत तिन्ही पातेल्यांत एकच माल आहे: फांद्या फुटण्याआधी तोडलेला कोवळा माणगा (बांबूची एक जात), गाठी कापून टाकलेला, हिरवी साल कोयत्याने तासलेली. पेरं उभी चिरून, दोरे मोकळे होईपर्यंत लाकडी हातोड्याने ठेचली, उन्हात वाळवली आणि प्रत्येक पातेल्याला 500 ग्रॅम घेतली. खालचे टक्के या कोरड्या वजनावरचे.

ठेचण्यात कंजुषी नको. लाकडात द्राव आडवा नेणाऱ्या पेशी असतात, बांबूत त्या नाहीत. द्राव शिरतो तो कापलेल्या तोंडांकडून, उभ्या नळ्यांतून. सालीतून जवळपास नाहीच. जाड पट्टी टाकली की वरचा थर गळून जातो आणि गाभा कच्चाच राहतो. कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) वाढवून हे दुखणं बरं होत नाही.

धुण्याचा सोडा 20 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम, 8 लिटर पाण्यात, मंद उकळी. कागदी तुतीच्या आतल्या सालीला हे प्रमाण दोन-तीन तासांत पुरतं. बांबूत लिग्निन, म्हणजे धागे एकमेकांना घट्ट जखडून ठेवणारा पदार्थ, कितीतरी जास्त. सहा तासांनीही पट्टी वाकते, पण चिमटीत धरून ओढली तर दोरे सुटत नाहीत. नुसता सोडा बाद.

कॉस्टिक 18 टक्के, 90 ग्रॅम, पाणी तेवढंच. पाच तासांत पाणी काळंकुट्ट आणि दोरे बोटांनी सुटतात. गिरण्या हेच काम दाबाखाली 160-170 अंशांवर उरकतात; उघड्या पातेल्यात पारा 100च्या आसपासच अडतो, तिथे वेळ द्यावाच लागतो. मात्र प्रमाण 25 टक्क्यांवर नेलं तर लिग्निनबरोबर हेमिसेल्युलोजही जास्त विरघळतं. धागे एकमेकांना धरतात ते बरंचसं त्याच्यामुळे, म्हणून कागद लिबलिबीत होतो आणि लगदाही कमी हाती लागतो. पातेलं स्टेनलेस स्टीलचंच हवं. अॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक थंड पाण्यात थोडं थोडं टाकायचं, त्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नये.

तिसरी पद्धत मला सगळ्यांत पटली. विरवलेला चुना 25 टक्के, बादलीत तीन आठवडे, घट्ट झाकून. चुना लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, बाकीचा तळाशी साठा म्हणून राहतो. म्हणून रोज ढवळायचं. मग न धुता तोच माल पातेल्यात घालून 100 ग्रॅम धुण्याचा सोडा टाकायचा. सोडा आणि चुना मिळून जागेवरच कॉस्टिक तयार होतं. क्रिया पूर्ण झाली तर सुमारे 75 ग्रॅम. तेव्हा काळजी कॉस्टिकइतकीच घ्यायची. चार तासांत दोरे सुटतात, आणि आधीच मऊ पडल्यामुळे गाभाही शिजलेला निघतो. तोटा एकच: खडूसारखी पूड तळाला बसून करपते आणि पातळ कागदात कणी दिसते.

सल्फाइड घातलेला क्राफ्ट लगदा याहून मजबूत होतो, पण त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटू शकतो. घरी नकोच.

धुताना मलमल नको, नायलॉनची जाळी घ्या. बांबूत आखूड पेशी भरपूर. त्या राहिल्या तर साच्यातून पाणी उतरता उतरत नाही. तपासणीला धुतलेला लगदा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात टाकायचा: रंग जितका झटकन जाईल, तितकं लिग्निन जास्त उरलंय.

पुढच्या फेरीत चुन्यातला मुक्काम सहा आठवड्यांचा, सोडा 15 टक्के.