उन्हाळ्यात दुखावलेले बीज

जूनअखेर दोन चांगले पाऊस झाले आणि गोठ्यात गारवा आला, की पशुपालकांचे फोन सुरू होतात. ‘डॉक्टर, ऊन उतरलं तरी गाय उलटतेच आहे. कांडी बदलून बघायची का?’ गाय उलटते म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि कांडी म्हणजे वळूचे गोठवलेले रेत भरलेली नळी. होल्स्टीन या विदेशी जातीच्या संकरित गाईंच्या पट्ट्यात इतकी वर्षे कृत्रिम रेतन केल्यावर माझे मत असे झाले आहे, की दोष बहुतेक वेळा कांडीत नसतो. तो एप्रिल-मेमध्येच घडून गेलेला असतो.

माजाच्या वेळी गाईच्या अंडाशयातून सुटणारे बीज काही त्या २१ दिवसांच्या चक्रात तयार होत नाही. त्याची वाढ कित्येक आठवडे आधीपासून चालू असते, आणि त्या काळात गाय तापली तर बीजाला पोहोचलेली इजा पावसाने धुऊन निघत नाही. इस्राएलमधील संशोधकांना उन्हाळा सरल्यावरही चांगली बीजे मिळायला दोन-तीन माजचक्रे जावी लागतात, असे दिसून आले होते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उलटणाऱ्या गाई पाहिल्या, की मला तेच आठवते.

गेल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास पत्र्याच्या शेडमधील एका गाईचे रेतन करायचे होते. ती मान पुढे काढून धापत होती आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. गुदद्वारातले तापमान ४०.३ अंश भरले. मी नायट्रोजनच्या टाकीतून उणे १९६ अंशातली कांडी काढली, ३७ अंशांच्या पाण्यात घड्याळ लावून ३० सेकंद धरली, आणि इतक्या काटेकोरपणे जपलेले रेत त्या पाण्याहून तीन अंशांनी तापलेल्या शरीरात सोडले. ती गाय उलटली.

गर्भालाही पहिले दोन-तीन दिवस उष्णता अजिबात सोसत नाही. सातव्या दिवसापर्यंत मात्र तो बराच कणखर होतो. म्हणूनच फ्लोरिडासारख्या उष्ण भागात भर उन्हाळ्यात रेतनापेक्षा सात दिवसांच्या भ्रूणाचे प्रत्यारोपण अधिक यशस्वी ठरले आहे. पण भ्रूण मिळवायचे तर बीजे देणारी दाता गाय निवडावी लागते, आणि तिथे आनुवंशिकतेचे महत्त्व एकदम वाढते. एरवी गाय गाभण राहण्याच्या बाबतीत गाईगाईंत जो फरक दिसतो, त्यातला आनुवंशिक वाटा साधारणपणे शंभरात पाचाहूनही कमी असतो. उरलेला वाटा चारा, ऊन, आजार, माज ओळखण्याची वेळ यांचा. एका वेळी किती बीजे मिळतील, हे मात्र बऱ्याच अंशी वंशातून येते, आणि रक्तातील एएमएच या संप्रेरकाच्या पातळीवरून त्याचा अंदाजही बांधता येतो. गीर, साहिवाल यांसारख्या आपल्या देशी गाईंच्या अंडाशयात होल्स्टीनपेक्षा जास्त बीजपुटके, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पिशव्या, असतात, आणि झेबू म्हणजे वशिंडाच्या गाईंच्या वंशाचे भ्रूण उष्णताही अधिक सोसतात. आपल्याच गीर गाईंवर ब्राझीलने भ्रूणनिर्मितीचा एवढा मोठा पसारा उभारला, याचा मला आनंद वाटतो आणि आपण मागे राहिलो याची खंतही.

मग वळू बघायचाच नाही का? अवश्य बघायचा. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा वळू दुधासाठी जगभर वापरला गेला, आणि त्याच्याबरोबर एपीएएफ-१ या जनुकातला दोषही पसरला. तो दोष आई आणि बाप अशा दोघांकडून आला, तर गर्भ टिकत नाही. दोषाच्या दोन्ही प्रती असलेले वासरू नोंदींमध्ये कुठेच सापडत नाही, या उणिवेवरूनच २०११ मध्ये एचएच-१ म्हणून त्याचा माग लागला. वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेल्या, गाईला वाहक वळूचे रेत दिले, तर चारातला एक गर्भ जातो, गोठा कितीही थंड असला तरी. म्हणून वळूच्या चाचणीचा अहवाल आणि गाईच्या बापाचा क्रमांक, दोन्ही विचारावेत.

पण ‘कांडी बदलू का’ असे विचारणाऱ्याला मी आधी शेडची उंची, पाण्याची टाकी आणि दुपारची सावली यांबद्दल विचारतो. पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर आणि पंखे मे महिन्यात नव्हे, तर फेब्रुवारीअखेरच चालू स्थितीत ठेवायला सांगतो. या वर्षीपासून माझ्या रेतनाच्या वहीत वळूच्या क्रमांकाशेजारी आणखी एक रकाना आखला आहे. त्यात मी रेतनाच्या वेळचे गाईचे तापमान लिहितो.