तेशिमा: फरशीतून उगवणारं पाणी

ताकामात्सुहून बोटीने तेशिमाच्या इएउरा बंदरात उतरलं की बहुतेक जण बॅटरीवाली सायकल भाड्याने घेतात. मीही घेतली, पहिल्याच चढावर पैसे वसूल झाले. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातलं हे लहानसं बेट. चढ संपला की भाताची खाचरं पायरीपायरीने समुद्राकडे उतरतात आणि त्यांच्या शेजारी एक पांढरा, बसका घुमट दिसतो. तेच तेशिमा आर्ट म्युझियम.

आत एकच कलाकृती आहे. वास्तुशिल्पी र्‍यूए निशिझावा आणि कलावंत रेई नाइतो यांची ही जोडकामगिरी २०१० साली खुली झाली. काँक्रीटचं कवच साधारण ४० बाय ६० मीटरचं, जाडी २५ सेंटिमीटर, खांब एकही नाही. बांधायची रीत ऐकून मी थक्क झाले: आधी मातीचा ढीग रचून त्याला आकार दिला, वर काँक्रीट ओतलं आणि ते पक्कं झाल्यावर आतली माती उपसून काढली.

बूट बाहेर, फोटो बंद, बोलणंही जवळजवळ नाहीच. छताला दोन मोठी लंबगोल भोकं, काच नाही. वारा, पाऊस, किडे, सगळ्यांना मोकळा प्रवेश. भोकाशी टांगलेली बारीक फीत हलली तरच वारा कळतो. आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून पाणी उगवत राहतं. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब थबकतात, अचानक सुटतात, दुसऱ्याला गाठतात, पुढे मोठ्या तळ्यात जातात. एका थेंबावर नजर ठेवून बसले. तो वाटेत दुसऱ्यात मिसळला, मग माझा कुठला, हे ठरवणं सोडून दिलं. शेजारी एक आजीबाई खुशाल आडव्या झाल्या होत्या.

याच बेटाच्या पश्चिम टोकाला १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० पर्यंत कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा टाकला जात होता. गावकरी वर्षानुवर्षं लढले, २००० साली तडजोड झाली, आणि नऊ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन तिथे प्रक्रिया केली गेली. ती वाहतूक २०१७ मध्ये संपली. मला हे आधी ठाऊक होतं, म्हणून जमिनीतून येणारं ते स्वच्छ पाणी निव्वळ सुंदर वाटलं नाही, थोडं अवघडायलाही झालं. कलाकृती स्वतः यातलं काहीच सांगत नाही. तिने सांगावं असा माझा हट्ट नाही, पण तुम्ही मात्र वाचून जा. प्रवेशाची वेळ ऑनलाइन आधी ठरवा, आणि परतीच्या बोटी मोजक्याच असतात.