हेस्टरची सुई

सोमवार, रात्र

'द स्कार्लेट लेटर' परत वाचायला घेतलंय. हॉथॉर्नची ही कादंबरी १८५० ची, पण गोष्ट त्याच्याही दोनशे वर्षं आधीच्या, प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठ ख्रिस्ती पंथाच्या, बॉस्टनमधली. तुरुंगाच्या दारातून हेस्टर प्रिन तान्ह्या पर्लला घेऊन बाहेर येते आणि गावासमोर तीन तास चौथऱ्यावर उभी राहते. छातीवर व्यभिचाराचं लाल अक्षर, 'A'. गर्दीतली एक बाई म्हणते, कापडाचं अक्षर काय लावता, कपाळावर डाग द्यायला हवा होता! आणि ही दयेची शिक्षा बरं का. त्या वसाहतीत या गुन्ह्याला कायद्याने मृत्युदंड होता. १६४४ मध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन यांना खरोखरच फासावर चढवलं होतं.

चौथऱ्यावरच्या हेस्टरचं कौतुक सगळेच करतात. मला आज ती आवडली ती त्यानंतरची, गावाबाहेर समुद्राकाठच्या झोपडीत शिवणकाम करणारी. शिक्षेचं अक्षरसुद्धा तिने सोन्याच्या धाग्याने असं नटवलं होतं की बायका जळफळल्या. आता त्याच हातांवर पोट. गव्हर्नरच्या गळ्याची चुणीदार पट्टी तिची, पाद्र्याच्या गळपट्टीवरचं भरतकाम तिचं, बाळांची टोपडी तिची, मयताचे कपडेही तिचेच. फक्त नवरीचा शुभ्र पडदा कधी तिच्याकडे आला नाही. कसला हिशेबी सोवळेपणा हा! गव्हर्नरच्या गळ्याला तिचा हात चालतो, नवरीच्या डोक्याला नाही. हॉथॉर्न हे एका वाक्यात सांगून पुढे सरकतो, मी मात्र तिथेच अडकले.

पुढे कानावर येतं की पर्लला तिच्यापासून काढून घ्यायचं घाटतंय. गव्हर्नरने सांगितलेले हातमोजे तयार असतात. ते द्यायचं निमित्त करून ती मुलीला घेऊन थेट त्याच्या वाड्यावर जाते. तिथे ही मंडळी तीन वर्षांच्या पोरीची धर्माची परीक्षा घेतात. हेस्टर विनवणी करून बघते, आणि मग तरुण पाद्री डिम्सडेलकडे वळून म्हणते, माझ्यासाठी तुम्ही बोला. पर्लचा बाप तोच, आणि ते त्या खोलीत त्या दोघांनाच पक्कं ठाऊक (नाव बदलून राहणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याला, चिलिंगवर्थला, संशय असेल, तो भाग निराळा). विनंतीच्या आवाजातली ती सरळ धमकी आहे. तो बोलतो. मुलगी आईकडेच राहते.

एवढी धमक असलेली बाई सात वर्षं त्याचं नाव झाकून ठेवते, हे मला अजूनही पचत नाही. लोक त्याला त्याग म्हणतात. पण त्या मौनाच्या आडोशाने तो दर रविवारी व्यासपीठावर उभा राहतो, भक्त त्याला संत मानतात आणि शिव्या खायला ही एकटी. छाती पिटून घेतो, रात्री जागतो, हे खरं. दिवसाढवळ्या तिच्या शेजारी उभा राहायला मात्र मरणाची घटका यावी लागते!

शेवटाबद्दल मात्र माझं मत बदललंय. समुद्रापलीकडे पर्ल सुखात असताना हेस्टर एकटी बॉस्टनला परतते आणि कुणी न सांगता ते अक्षर पुन्हा लावते. पूर्वी याचा राग यायचा, हार वाटायची. आज तिच्या झोपडीत येणाऱ्या बायकांकडे नीट लक्ष गेलं. प्रेमात फसलेल्या, कुणाला नकोशा झालेल्या, आपलं असं का होतं ते विचारायला आलेल्या. बॉस्टनमध्ये धर्मोपदेशकांचा काय तुटवडा होता? तरी या बायका चालत हिच्या झोपडीपर्यंत येत होत्या, आणि हिच्याकडे त्यांच्यासाठी वेळ होता.