डक्टखालची कोरडी जागा : स्प्रिंकलर लाइनचा माझा अनुभव

जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून शेठनी पॅकिंग आणि तयार मालाच्या गोडाऊनला कूलिंगची डक्ट टाकायचं ठरवलं. त्याच्या तीन महिने आधीच फायर स्प्रिंकलरची लाइन पूर्ण झालेली, हेड, म्हणजे पाणी फवारणारी तोंडं, बसलेले, सगळं ओके. मग डक्टवाले आले आणि त्यांनी त्या लाइनच्या खालून १३५० मिमी रुंद, ६०० मिमी उंच अशी जीआय पत्र्याची डक्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. दोघांची ड्रॉइंग वेगळी, कोणी कोणाचं बघितलं नाही, आणि मी पण ते दोन कागद शेजारी ठेवून बघितले नाहीत, हे मला आजही लागतं.

पहिल्यांदा बोलले ते आमचे आबा. हेल्पर आहेत, घरी शेती आहे. वर बघून म्हणाले, "भो, पानी खाले येवावच नई." मी विचारलं कसं काय आबा, तर म्हणे कांद्याला तुषार लावतो ना आपण, मधे बाभूळ असली की तिच्या मागचा पट्टा कोरडा राहतो, तसंच हे. त्या रात्री मी गोडाऊनचे लाइट बंद करून शिडीवर चढलो आणि मोबाइलचा टॉर्च एका हेडच्या डिफ्लेक्टरजवळ, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या चकतीजवळ, धरला. खाली चटईच्या थप्प्यांवर डक्टची काळी पट्टी पडली, जवळजवळ दीड थप्पी पूर्ण अंधारात. पाणी काही उजेडासारखं सरळ जात नाही, छत्रीसारखं वळून पडतं, त्यामुळे सावली म्हणजे अचूक माप नाही, पण तिथे पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, माल आहे, एकदा पेटला की वितळून ठिबकत खाली आग पसरवतो, आणि नेमकं तिथेच पाणी नाही हे बघून मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी काम केलेल्या एजन्सीला फोन लावला. आधी म्हणाले की डक्ट नंतर आली, आमचा संबंध नाही. मग त्यांचा डिझाइनवाला मुलगा आला, तो मात्र मन लावून काम करणारा होता. त्यानेच सांगितलं की एनएफपीए १३, म्हणजे स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन स्टँडर्ड, त्याप्रमाणे १.२ मीटरपेक्षा रुंद फिक्स अडथळा असला, डक्ट असो की प्लॅटफॉर्म, तर त्याच्या खाली वेगळे हेड द्यावेच लागतात. डक्टवाला म्हणे मी अरुंद करून दोन डक्ट टाकतो, पण एकाला एक चिकटवून टाकल्या तर पाण्यासाठी ती एकच रुंद डक्ट झाली ना, त्यात काय मिळालं. बारीक गोष्टींचा नियम वेगळा, १०० मिमीचा पाइप हेडच्या खाली जवळून जात असेल तर हेड त्याच्यापासून निदान तिप्पट म्हणजे ३०० मिमी लांब पाहिजे, असे दोन हेड आम्ही सरकवले पण.

शेठची काळजी वेगळीच, हेड वाढले म्हणजे पंप मोठा लागेल का, टाकी वाढवायची का. तर नाही. डक्टखालच्या हेडचं पाणी छताच्या हेडच्या हिशोबात मिळवायची गरज नसते, त्यामुळे पंप तोच राहिला, शेठचा चेहरा लगेच मोकळा झाला.

खरी मेहनत सपोर्टमध्ये गेली. फिटर लोकांनी सोपं म्हणून पाइपच्या चिमट्या डक्टच्या पत्र्यालाच अडकवायला घेतल्या, मी थांबवलं. पत्र्यावर पाण्याने भरलेला पाइप कसा टिकेल? मग शेडच्या ट्रसवरून वेगळे रॉड सोडले. डक्टचा सपोर्ट वापरायचाच तर तो दोन्हीचं वजन पेलणारा पाहिजे, आमच्या डक्टचे रॉड तसे नव्हते. हेड डक्टच्या तळापासून १५० मिमी खाली ठेवले, ३०० च्या खाली जाऊच द्यायचे नाहीत. डक्टच्या मधोमध असल्यामुळे वरच्या हेडचं पाणी खालच्या हेडच्या बल्बवर (उष्णतेने फुटून पाणी सोडणारी काचेची नळी) पडून तो गार होण्याची भीती नाही, कडेला असते तर वर छत्री लावावी लागली असती, कारण गार पडलेला बल्ब फुटतच नाही. फोर्कलिफ्टचा धक्का लागू नये म्हणून गार्ड पण बसवले.

बल्बचा पण किस्सा झाला. त्यांनी नेहमीचे लाल ६८ डिग्रीवाले आणले. मी पत्र्याखाली दुपारी थर्मामीटर धरला होता तर ५७ आलं, आणि नियम असा की जास्तीत जास्त तापमानाच्या निदान ३० डिग्री वरचा बल्ब पाहिजे, म्हणजे ८७. मग छतालगतचे हिरवे ९३ चे केले. डक्टच्या खाली ४५ चाच हिशोब धरून पिवळे ७९ चे. आपल्या खान्देशात लाल बल्ब आंधळेपणाने लावणं मला पटत नाही.

शेवटी टेस्ट. १४ बार, दोन तास. पहिल्यांदा पाऊण तासात काटा खाली यायला लागला, आबांनी एका एल्बोखाली हात धरला तर बोटं ओली. तो सांधा उघडून परत केला, पुन्हा प्रेशर भरलं, मी आणि आबा स्टूल टाकून गेजसमोर बसून राहिलो, संध्याकाळी सव्वासहाला दोन तास पूर्ण झाले आणि काटा जागचा हलला नव्हता. एजन्सीने फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा बसवल्याचा दाखला, त्याच आठवड्यात दिला, फॉर्म बी, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा सहामाही दाखला, त्याची तपासणी आता जानेवारी-जुलैला होते, त्या यादीत मी डक्टखालचे २६ हेड वेगळे लिहून घेतलेत.