खुडूक कोंबडी बसवायची की मोडायची, हे लसीच्या वारावर ठरवा

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसू लागली, की घरात पहिला प्रश्न येतो, अंडी किती साठलीत? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. पिल्लं आठवड्याची होतील तेव्हा त्यांना लस मिळणार आहे का? उत्तर नाही असेल तर मी तिच्याखाली अंडी घालत नाही, सरळ खुडूक मोडते, म्हणजे तिची बसायची ओढ घालवते.

हे मी रागानेच लिहिते आहे. जनावरांच्या दवाखान्यात दहा-बारा पिल्लं पाटीत घालून नेली की उत्तर ठरलेलं असतं: "बाटली शंभर पिल्लांची आहे, एवढ्यासाठी फोडता येत नाही. शंभर जमवून आणा." कधी लसच शिल्लक नसते. कधी लसीचा वार कालच होऊन गेलेला असतो, मग पुढच्या आठवड्यात या. पण मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पहिली लस, लासोटा, द्यायची वेळ पाचव्या ते सातव्या दिवसाची. कोंबडीला लस झालेली असेल तर अंड्यातून पिल्लाला थोडी ताकद मिळते, ती सुरुवातीचे दिवस पुरते आणि मग उतरत जाते. त्यानंतर गावात मानमोडी आली की हिरवट पातळ हगवण, चोच उघडी टाकून श्वास, वाकडी झालेली मान, आणि खुराडं रिकामं. या रोगावर औषध नाही.

बाटलीचं म्हणणं खोटं नाही, हेही सांगते. लस जिवंत असते. सोबतच्या थंड द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकूनच द्यायची. माझी तक्रार एवढीच की हे पिल्लं नेल्यावर सांगून काय उपयोग? अंडी घालतानाच तारीख लिहून घेतली, चार वाड्यांच्या तारखा एकत्र केल्या, तर शंभर पिल्लं सहज जमतात. तशी वही कोणी ठेवत नाही, म्हणून ती आपणच ठेवायची.

हिशोब सोपा आहे. अंडी उबायला २१ दिवस, पहिली लस सातव्या दिवशी, लासोटाचा दुसरा डोस २८व्या दिवशी, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचायची मानमोडीचीच दुसरी लस, आरटूबी. सगळे आकडे सातच्या पाढ्यातले, म्हणजे वार बदलतच नाही. दवाखान्यात लसीचा वार बुधवार असेल तर अंडी मंगळवारी रात्री घालायची. पिल्लं तीन आठवड्यांनी मंगळवारी-बुधवारी फुटतात आणि पुढच्या बुधवारी बरोबर लसीला येतात. एखाद-दुसरं अंडं दिवसभर मागे राहिलं तरी ते पिल्लू सहा दिवसांचं असतं, चालतं. शेजारपाजारच्या खुडूक कोंबड्या त्याच रात्री बसवा. अंडी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी पशुधन पर्यवेक्षकांना फोन करून लसीची तारीख आणि अंदाजे पिल्लं सांगा. आठवडाभर आधी पुन्हा आठवण करा. एवढं करूनही लस आली नाही तर घराघरांतून पैसे काढून जनावरांच्या मेडिकलमधून एक बाटली आणायची. चहाच्या थर्मासात बर्फ घालून त्यात ठेवायची आणि ज्याला येतं त्याच्याकडून सकाळच्या थंडीत डोळ्यात एकेक थेंब सोडून घ्यायचा. थेंब आत मुरेपर्यंत पिल्लू हातात धरून ठेवायचं. लगेच सोडलं तर मान झटकतं आणि लस बाहेर.

कोंबडी रविवारी खुडूक झाली तर मंगळवारपर्यंत काय? दोन जुनी अंडी खाली ठेवून तिला बसू द्यायचं. दोन रात्री जागा सोडली नाही, हात घातला की फुगते, टोचते, पोटाची पिसं गळून कातडी गरम लागते, तर खुडूक खरी. मंगळवारी अंधार पडल्यावर जुनी काढून दहा-बारा चांगली अंडी एकदम घालायची. रोज एकेक वाढवत गेलात तर पहिली पिल्लं घेऊन ती उठते आणि मागची अंडी गार पडतात. अंड्यांवर पेन्सिलीने रेघ मारा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिथेच येऊन घालतात.

अंडी आठवड्याच्या आतली हवीत, कळपात कोंबडा हवा, अंडी धुवायची नाहीत. निमुळतं टोक खाली करून माठाशेजारी ठेवा. २१ अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मग मरतो, म्हणून माण-खटावच्या चैत्र-वैशाखात मी कुणालाच बसवत नाही. पाटणकडच्या पावसात उलटं: ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

पाटीत खाली माती, वर भाताचा पेंढा किंवा चुरलेला कडबा, त्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला. बसवण्याआधी कोंबडीला राखेत लोळू द्या. पिसवा झाल्या की ती अंड्यांवरून उठते. दिवसातून एकदा तिला उठवून ज्वारी-मका आणि पाणी द्यायचं. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना बघा. पंधरा-वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडावर अंडं धरा: तांबड्या शिरा पसरलेल्या दिसल्या तर जिवंत, स्वच्छ पिवळं दिसलं तर वांझ, काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही, आणि टवका गेलेलं अंडं सोलायचं नाही.

गिरिराज, वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या स्वतः बसत नाहीत, कडकनाथही क्वचितच. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली घाला.

खुडूक मोडायची तर पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं हे छळाचे प्रकार करू नका. जाळीचा तळ असलेला पिंजरा विटांवर उंच, उजेडात आणि वाऱ्याला ठेवा. आत पेंढा नको, दाणा-पाणी मात्र भरपूर. पोटाखाली गार हवा लागली की तीन-चार दिवसांत खुडूक उतरते आणि पुढे एक-दोन आठवड्यांत कोंबडी पुन्हा अंड्यावर येते. पिल्लं काढली असती तर तिची अंडी तीन महिने बंद राहिली असती. बाहेर सोडल्यावर ती त्याच कोपऱ्यात जाऊन बसली तर आणखी दोन दिवस आत ठेवा.