सदतिसाव्या वर्षी बाईक शिकलो, तीही पुण्यात

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला गाडी चालवता येत नाही, याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. स्टेशन दहा मिनिटांवर, पुढे लोकल, लोकल संपली की पुन्हा आपले पाय. पुण्यात मात्र हे सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. ‘म्हणजे अजिबातच नाही?’ असं शेजारच्या काकांनी मला विचारलं होतं, पोहता न येणाऱ्या कोळ्याकडे बघावं तसं बघत.

घर धायरीला, ऑफिस बाणेरला. पहिले चार महिने पीएमपी आणि रिक्षा यांच्या जिवावर काढले आणि मग हात टेकले. 125 सीसीची साधी बाईक घेतली. बायको माहेरची पुण्याची. तिच्या सांगण्यानुसार अठरा पूर्ण झाल्याच्या दिवसापासून दुचाकीवर आहे, तिच्या भावाच्या सांगण्यानुसार त्याच्या बरंच आधीपासून. तिने एकच अट घातली. शिकवणार मी, आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत मोठ्या रस्त्यावर यायचं नाही.

लर्निंग लायसन्सची परीक्षा घरी बसून ऑनलाइन दिली. त्यानंतर पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी किमान 30 दिवस थांबावं लागतं, आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते. बरेच जण त्या तीस दिवसांकडे कटकट म्हणून बघतात. मी ते पुरेपूर वापरले, वर आणखी तीन आठवडे स्वतःहून घेतले.

सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे पहिले तीन दिवस तिने मला दुसऱ्या गिअरमध्ये जाऊच दिलं नाही. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरळ जायचं. पाय टेकला की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं होतं, गाडी पळवता येणं म्हणजे गाडी येणं. पण सिग्नल, बोळ, पार्किंग, खड्डा चुकवणं, सगळं याच वेगात होतं, आणि नवशिक्याचा तोल जातो तोही इथेच. मग तिने मध्ये एक वीट ठेवली. ‘हिला चुकव.’ मी सलग चार वेळा विटेवरच गाडी घातली. ‘तू विटेकडे बघतोयस म्हणून,’ ती म्हणाली. ‘तिच्या बाजूच्या जागेकडे बघ.’ पाचव्यांदा सहज निघालो. नजर जिकडे, गाडी तिकडे. आजही समोर खड्डा दिसला की मला ती वीट आठवते आणि मी खड्ड्यावरून डोळे काढून घेतो.

ब्रेकचा धडा मात्र भांडणात शिकलो. आमचे सासरे चाळीस वर्षं दुचाकी चालवणारे. त्यांचं ठाम मत, ‘जावईबुवा, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. माणूस हँडलवरून उडतो.’ मुलगी म्हणाली, उलट. ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं पडतं. नुसता मागचा दाबलास तर ते चाक लॉक होऊन गाडी घसरेल. दोन्ही लावायचे, आणि पुढचा लिंबू पिळल्यासारखा, हळूहळू जोर वाढवत. खडूने रेघ मारून तिने मला ताशी 30 वरून थांबायला लावलं, पंचवीस-तीस वेळा. सासरे कट्ट्यावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘आमच्या वेळी गाड्या वेगळ्या होत्या.’ आमच्या घरात याला माघार म्हणतात.

तरी पडलोच. अकराव्या दिवशी, सोसायटीच्या गेटजवळच्या वळणावर. बांधकामाची खडी रस्त्यावर पसरलेली, हँडल वळलेलं, आणि समोर कुत्रा आला म्हणून मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक साबणावरून निघावं तसं निघून गेलं. वेग वीस असेल नसेल. गुडघा सोलवटला, इंडिकेटर तुटला. हातात ग्लोव्हज होते म्हणून तळवे वाचले, आणि हेल्मेटच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर, बोटभर लांबीचा चरा पडला. तो चरा माझ्या डोक्यावर कसा दिसला असता, याचा विचार मी दोन रात्री केला. हेल्मेट एकदा आपटलं की आतलं थर्माकोलसारखं अस्तर दबतं आणि दुसऱ्यांदा तेवढं काम करत नाही, म्हणून नवीन घेतलं. या वेळी नीट घेतलं: आयएसआयचा शिक्का, त्यावर आयएस 4151 हा क्रमांक, आणि घातल्यावर गाल दाबले जातील इतकं घट्ट. पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेट मानेबरोबर फिरलं पाहिजे, मागाहून नाही.

पुण्यात हेल्मेटबद्दल बोलणं म्हणजे आगीत हात घालणं, याची मला कल्पना आहे. 2019 च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध इथे मोर्चे निघाले होते. सासरेही विरोधकांतलेच, मान दुखते, मागचं ऐकू येत नाही, वगैरे. मी वाद घालत नाही. जुनं हेल्मेट चऱ्याची बाजू बाहेर येईल असं चपलांच्या स्टँडवर ठेवलंय, इतकंच.

मग रस्ता. आधी रविवारी सकाळी सहाला, मग रविवारी दहाला, मग शनिवारी संध्याकाळी. सिंहगड रोड, राजाराम पूल, कर्वेनगर आणि परत. ती तिच्या ॲक्टिव्हावर मागून यायची आणि घरी आल्यावर चहाबरोबर चुका वाचून दाखवायची. तिसऱ्या रविवारी तिने जे सांगितलं, त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहितोय.

‘तू अंग चोरून चालवतोस,’ ती म्हणाली.

खरं होतं. मी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने, कचरा, पाण्याची डबकी आणि उभ्या मोटारी यांना घासत चाललो होतो. कुणाला माझा त्रास नको, कुणी मागून हॉर्न मारायला नको. आणि हे कुठून आलं तेही मला लगेच कळलं. वीस वर्षं लोकलने शिकवलं ते हेच होतं: बॅग पुढे घे, खांदे आवळ, दोन माणसांच्या मधल्या फटीत मावून जा. जो कमी जागा घेतो तो टिकतो. रस्त्यावर हीच सवय जिवावर बेतते, कारण फटीत मावलेला माणूस कुणाला दिसतच नाही. ‘तू रस्त्यावर आहेस हे सध्या फक्त तुलाच माहितीये,’ तिने बिस्किट बुडवत सांगितलं.

पुढचे दोन महिने मी फक्त दिसायला शिकलो. उभ्या मोटारींच्या रांगेपासून दरवाजा पूर्ण उघडला तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं. पुढच्या गाडीच्या बरोबर मागे न राहता तिच्या आरशात आपण असू, अशा जागी राहायचं. ट्रकच्या किंवा बसच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा मला दिसत नसेल, तर त्यालाही मी दिसत नाही. म्हणजे एकतर मागे थांबायचं किंवा जागा बघून पटकन पुढे निघायचं, बाजूला रेंगाळायचं नाही. बसच्या डावीकडून तर कधीच नाही. स्टॉपवर ती डावीकडेच येणार असते आणि तिच्या दारातून माणसं उतरणार असतात. 2017 पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट दिवसाही चालू राहतात, ते यासाठीच. मी वर हेल्मेटला मागून चकाकणारी पट्टी चिकटवली. ऑफिसात सगळे हसले.

दुसरी बाजू म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं. इंडिकेटरवर विश्वास ठेवायचा नाही हे मी लवकर शिकलो. तो अनेकांचा सकाळी निघाल्यापासून चालूच असतो, आणि वळणाऱ्यांपैकी निम्म्यांचा लागलेला नसतो. रिक्षावाल्याचा बाहेर आलेला पाय हा त्यापेक्षा पक्का इशारा. माणसाच्या डोळ्यांत बघण्याचाही फार उपयोग नाही. तो आपल्याकडे बघत बघत आडवा येतो. मी गाडीचं पुढचं चाक बघतो. चाक वळायला लागलं की गाडी येणार, मग डोळे कुठेही असोत. गल्लीच्या तोंडाशी, चौकात, उड्डाणपुलाच्या उतारावर दोन बोटं आधीच ब्रेकच्या लिव्हरवर असतात.

अंतराचा हिशोब मात्र माझा मी केला, आकड्यांत रमणारा माणूस असल्यामुळे. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर 10 मीटर. समोरच्याने ब्रेक मारलेला दिसून माझा हात हलेपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दहा मीटर गेले. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणायचं. ते संपायच्या आत मी खांबापाशी पोचलो तर मी फार जवळ आहे. आता पुण्यात एवढी फट ठेवली की तिच्यात कोणीतरी घुसतंच. पहिले काही दिवस अपमान वाटायचा. मग एकदा मोजलं. सकाळच्या प्रवासात एकोणीस जण माझ्या पुढे घुसले आणि मी ऑफिसला नेहमीच्या वेळेलाच पोचलो, कारण विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला आम्ही सगळे एकत्रच उभे होतो.

बायपासने जायचं मात्र मी पहिलं वर्षभर टाळलं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा तो लांब उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले अवजड ट्रक आणि मग फेल झालेले ब्रेक, हे पुण्यात राहणाऱ्यांना बातम्यांतून पाठ झालंय. ऑफिसला जायला तो रस्ता सरळ पडतो. मी कर्वेनगर, नळ स्टॉप, सेनापती बापट रस्ता असा शहरातून वळसा घालत राहिलो. यात पराक्रम काही नाही, रोज पंधरा मिनिटं जास्त जातात.

आरटीओची टेस्ट यात कुठेतरी होऊन गेली. आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पाच मिनिटांत बाहेर. विटेपेक्षा सोपी होती.

जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा मी नळ स्टॉपच्या अलीकडे होतो. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते, त्यामुळे सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सर्वांत वाईट, हे मला सांगून ठेवलेलं होतं. एका दुकानाच्या पत्र्याखाली गाडी लावून वडापाव खाल्ला. डोळ्यांसमोर दोन जण झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर घसरले. सुदैवाने दोघेही लगेच उठले. ते पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि पेव्हर ब्लॉक, ओल्यात या तिघांवर मी ना ब्रेक मारत, ना गाडी तिरकी करत. आणि पुलाखाली पाऊस चुकवायला भर लेनमध्ये थांबणाऱ्यांमध्ये उभा राहत नाही. मागून येणाऱ्याला ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

सात महिन्यांनी, एका शुक्रवारी, ती पहिल्यांदा माझ्या मागे बसली. नळ स्टॉपपासून घरापर्यंत. दोघांचं वजन असलं की गाडी थांबायला जास्त जागा घेते, म्हणून मी जरा जास्तच सावकाश चालवत होतो. ती काहीच बोलत नव्हती. कर्वेनगर गेलं, राजाराम पूल गेला. आरसे बघत होतो, अंतर होतं, एका रिक्षावाल्याचा पाय मी वेळेत ओळखला. मनातून खूश होतो. धायरी फाट्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिने हेल्मेटवर टकटक केलं.

‘छान चालवतोस,’ ती म्हणाली. ‘आता तो इंडिकेटर बंद कर. नळ स्टॉपपासून चालूये.’